ड्रिफ्ट : एका कोशनोंदीची घडण

इंग्रजी–मराठी कोशाच्या कामात बहुतेक शब्द आपापल्या अर्थांसह निमूटपणे जागेवर बसतात. काही शब्द मात्र संपादकाला अडवून धरतात, आणि त्यांतले पुष्कळसे पहिल्या भेटीत अगदी सोपे वाटलेले असतात. ‘ड्रिफ्ट’ हा त्यांपैकी एक. कोणाही वाचकाला विचारले तर तो ‘वाहत जाणे’ किंवा ‘भरकटणे’ असे सांगेल, आणि कादंबरी वाचण्यापुरते ते पुरेसेही आहे. ही नोंद माझ्याकडे आली तेव्हा तिच्यासोबत संकलकांनी जमवलेल्या अवतरणांचा एक गठ्ठा होता, आणि त्यातील कितीतरी वाक्यांत हे दोन प्रतिशब्द घालून पाहिले की वाक्य हास्यास्पद होत होते. खाणीतील आडवे भुयार भरकटत नाही, ड्रिल सुटे करण्यासाठी ठोकायची पोलादी पाचर वाहत जात नाही, आणि वक्त्याच्या बोलण्याचा रोख ही तर भरकटण्याच्या अगदी उलट गोष्ट आहे. या एका शब्दाची नोंद पुरी होईपर्यंत ज्या टप्प्यांतून जावे लागले, त्यांचा हा वृत्तान्त.

शिरस्त्याप्रमाणे पहिले काम अवतरणांच्या विषयवार विभागणीचे. भूशास्त्र, सागरविज्ञान, पदार्थविज्ञान, जीवशास्त्र, अभियांत्रिकी, नौकानयन आणि सामान्य व्यवहार असे गट पाडले. ही पद्धत सोयीची असते, कारण प्रत्येक गट त्या त्या विषयतज्ज्ञाकडे तपासणीसाठी पाठवता येतो. या शब्दाच्या बाबतीत तिने फारसे साधले नाही. भूशास्त्राच्या एकाच गटात हिमनदीने आणून टाकलेले दगडगोटे होते, एकमेकांपासून दूर गेलेली खंडे होती आणि लाटांच्या तिरप्या माऱ्याने किनाऱ्यालगत पुढे पुढे सरकणारी वाळूही होती. म्हणजे पहिल्या ठिकाणी हा शब्द पदार्थाचे नाव, दुसऱ्या ठिकाणी एका सिद्धांताचे आणि तिसऱ्या ठिकाणी रोज चालणाऱ्या क्रियेचे. उलट जहाजाच्या आणि विमानाच्या संदर्भातील अर्थ दोन गटांत विभागले गेले असूनही सख्खे भाऊ निघाले. विषयवारीने अर्थांची नाती कळत नाहीत हे स्पष्ट झाल्यावर ती दुसरीकडे शोधणे भाग होते, आणि ती व्युत्पत्तीत सापडली.

‘ड्रिफ्ट’ हे ‘ड्राइव्ह’ या क्रियापदाशी जोडलेले नाम आहे. त्याच्या मुळाशी हाकणे, रेटणे, लोटणे या क्रिया आहेत. गुरे हाकत एका जागी आणणे यालाही ड्रिफ्ट म्हणत, आणि इंग्लंडमधील न्यू फॉरेस्ट या प्रदेशात मोकळी चरणारी तट्टे दरवर्षी हाकून गोळा केली जातात त्या कामाला आजही हाच शब्द आहे. वाऱ्याने लोटून आणलेल्या बर्फाचा ढिगारा म्हणजे ड्रिफ्ट. डोंगराच्या पोटात खनिजाची शीर धरून पुढे रेटत नेलेले आडवे भुयार म्हणजे ड्रिफ्ट. छिद्रयंत्रात घट्ट बसलेले निमुळत्या दांड्याचे ड्रिल बाहेर पाडण्यासाठी खाचेत घालून हातोडीने ठोकायची चपटी पाचर म्हणजेही ड्रिफ्ट. डच भाषेतील याच रूपाच्या शब्दाचा आजचा अर्थ आवेग, विकार असा आहे. माणसाला आतून हाकणारे ते. दक्षिण आफ्रिकेत त्याच डच घराण्यातील शब्दाला नदीचा उतार, म्हणजे जेथून गुरे आणि गाड्या पलीकडे नेता येतात ती जागा, असा अर्थ आला. १८७९ च्या झुलू युद्धातील लढाईमुळे प्रसिद्ध झालेले रोर्क्स ड्रिफ्ट हे अशाच एका उतारावरचे ठाणे.

ही सगळी भावकी एकदा डोळ्यांखालून घातल्यावर नोंदीची मांडणी कशी करायची याचा अंदाज आला. या शब्दात हाकणारा गृहीत असतो, पण वाक्यात तो सहसा दिसत नाही. उद्देशहीनतेची छटा नंतरची आहे. हाकणारा दृष्टीआड झाला की जे हाकले जात आहे ते उगाच हिंडत असल्यासारखे वाटते. म्हणून प्रत्येक अवतरणाला दोनच प्रश्न विचारायचे ठरवले: येथे काय हलते आहे, आणि त्याला कोण हलवते आहे. या कामी मराठीची अनपेक्षित मदत झाली. नदी वाहते आणि हमाल ओझे वाहतो. वाहणे हा एकच धातू आपल्याकडे प्रवाहाचेही काम करतो आणि वाहकाचेही. ओंडका ‘वाहत’ जातो असे म्हटले तरी त्याला कोणीतरी ‘वाहून’ नेत आहे, ही जाणीव त्या शब्दात शिल्लक राहते. ‘भरकटणे’ या शब्दात ती राहत नाही, शिवाय भरकटण्यासाठी आधी ठरलेली वाट असावी लागते. पाण्यातल्या ओंडक्याला वाट नसते.

सागरविज्ञानाचा गट पहिला हाती घेतला. कच्च्या नोंदीत व्याख्या होती ‘वारा नेईल त्या दिशेने जाणे’. ती ऐकायला चांगली आहे, आणि शास्त्राच्या कसोटीवर मात्र चुकीची ठरते. फ्रिट्यॉफ नान्सेन यांनी १८९३ मध्ये ‘फ्राम’ हे जहाज मुद्दाम आर्क्टिकच्या बर्फात अडकवून घेतले आणि जवळजवळ तीन वर्षे ते बर्फाबरोबर वाहू दिले. या धाडसामागे एक पुरावा होता: सायबेरियाच्या उत्तरेस १८८१ मध्ये बर्फाने चिरडलेल्या ‘जेनेट’ या जहाजाचे अवशेष १८८४ मध्ये ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्याला लागले होते, म्हणजे बर्फ ध्रुवप्रदेश ओलांडून वाहत असले पाहिजे. फ्रामच्या प्रवासात नान्सेन यांच्या लक्षात आले की बर्फ वाऱ्याच्या नेमक्या दिशेने न सरकता त्याच्या उजवीकडे वीस ते चाळीस अंशांनी झुकून सरकते. पुढे वाल्फ्रिड एकमान यांनी पृथ्वीच्या परिवलनाचा परिणाम गणिताने दाखवून याचा उलगडा केला. तेव्हा व्याख्येतील ‘वारा नेईल त्या दिशेने’ हे शब्द काढून ‘वारा, प्रवाह इत्यादी बाह्य बलांमुळे’ असे घातले. वाक्य थोडे रुक्ष झाले, पण बर्फाशी प्रामाणिक राहिले.

याच गटात खेळण्यांचे अवतरण होते. १० जानेवारी १९९२ रोजी पॅसिफिक महासागरात एका मालवाहू जहाजावरून कंटेनर समुद्रात पडले आणि प्लास्टिकची पिवळी बदके, तांबडे बीव्हर, निळी कासवे आणि हिरवे बेडूक अशी सुमारे २८,८०० तरंगती खेळणी पाण्यावर मोकळी झाली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्यांतील पहिली खेळणी अलास्काच्या किनाऱ्याला लागली, आणि कर्टिस एबेसमायर व जेम्स इंग्राहम या शास्त्रज्ञांनी किनाऱ्यांवरील नोंदी जमवून सागरप्रवाहांच्या संगणकीय प्रतिमानाची पडताळणी केली. उदाहरणवाक्यासाठी मला हे प्रकरण मोहात पाडणारे वाटले, कारण बदकांइतके उद्देशहीन दुसरे काही नसावे आणि तरीही त्यांचा मार्ग आगाऊ वर्तवता येत होता. जागेअभावी उदाहरण एका ओळीचे करावे लागले.

नौकानयनातील अर्थ वेगळाच निघाला. तेथे ‘सेट’ म्हणजे प्रवाहाची दिशा आणि ‘ड्रिफ्ट’ म्हणजे प्रवाहाची गती, तीही सागरी मैलांच्या मापात मोजलेली. विमानविद्येत नाक ज्या दिशेला आहे ती दिशा आणि विमानाचा जमिनीवरचा प्रत्यक्ष मार्ग यांतील कोनाला ड्रिफ्टचा कोन म्हणतात. दोन्ही ठिकाणी हे मोजायचे आणि हिशेबात धरायचे प्रमाण आहे. ‘उत्तर अटलांटिक ड्रिफ्ट’ला मराठीत ‘उत्तर अटलांटिक प्रवाह’ हे नाव रूढ आहे आणि ते तसेच ठेवले. इंग्रजी भूगोलात संथ, पसरट प्रवाहाला एक शब्द आणि वेगवान, अरुंद प्रवाहाला दुसरा असा भेद करतात, तो मराठीत मावळतो. पण रूढ नाव मोडून नवे बनवण्याचा अधिकार कोशाला आहे असे मला वाटत नाही.

भूशास्त्राच्या गटात इतिहासाने बरेच गुंते करून ठेवले आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चार्ल्स लायेल आणि त्यांच्या काळातील अनेक भूशास्त्रज्ञ असे मानत की उत्तर युरोपभर पसरलेले दगडगोटे आणि चिकणमाती समुद्रातून तरंगत आलेल्या हिमनगांनी टाकली. म्हणून त्या थरांना ड्रिफ्ट हे नाव पडले. लुई अगासी यांनी १८४० मध्ये जमिनीवर पसरलेल्या प्रचंड बर्फाची कल्पना ग्रंथरूपाने मांडली, हळूहळू ती मान्य झाली, तरंगत्या हिमनगांचा सिद्धांत मागे पडला आणि नाव मात्र टिकले. ब्रिटिश भूशास्त्रीय नकाशांच्या ‘सॉलिड’ आणि ‘ड्रिफ्ट’ अशा आवृत्त्या दीर्घकाळ निघत राहिल्या, एकीत खालचा मूळ खडक आणि दुसरीत त्यावरचे सैल आवरण. या अर्थासाठी ‘हिमानी निक्षेप’ हा प्रतिशब्द घेतला. त्यात वाहण्याचा मागमूसही नाही, याची मला खंत वाटत नाही, कारण तो मागमूसच मुळात चुकीच्या समजुतीचा होता.

खंडांचे प्रकरण याहून गमतीचे आहे. आल्फ्रेड वेगेनर यांनी आपली कल्पना १९१२ मध्ये मांडली आणि १९१५ मध्ये ती पुस्तकरूपाने विस्तारली, तेव्हा त्यांनी वापरलेला जर्मन शब्द ‘फेरशीबुंग’ हा होता, ज्याचा अर्थ सरळ विस्थापन असा आहे. त्यात संथपणाही नाही आणि दिशाहीनताही नाही. इंग्रजीत आल्यावर त्याचा ‘ड्रिफ्ट’ झाला. टीकाकारांचा मुख्य आक्षेप काय होता, तर एवढी खंडे रेटील असे बल कोणते. हॅरॉल्ड जेफ्रीझ यांनी वेगेनर यांनी सुचवलेली बले कितीतरी अपुरी असल्याचे दाखवले. माझ्या दुसऱ्या प्रश्नाचीच ही मोठी आवृत्ती होती: हाकणारा कोण? वेगेनर १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फावर मरण पावले, आणि समाधानकारक उत्तर १९६० च्या दशकात भूपट्ट सांरचनिकीच्या, म्हणजे पृथ्वीचे बाह्य कवच सरकत्या भूपट्टांचे बनलेले आहे या सिद्धांताच्या, रूपाने आले. मराठीत या सिद्धांताला ‘खंडविप्लव’ आणि ‘भूखंडवहन’ असे दोन्ही शब्द आढळतात. मी दुसरा पुढे ठेवला, आणि त्याचे कारण वर सांगितलेल्या ‘वाहणे’ या धातूत आहे. वेगेनर यांच्या कल्पनेत खंडे सागरतळाचा खडक कापत जात होती. आजच्या समजुतीनुसार भूपट्ट आपल्या पाठीवर खंडे घेऊन सरकतात, म्हणजे ती खरोखरच वाहून नेली जातात. मूळ इंग्रजी शब्दापेक्षा मराठी प्रतिशब्द आजच्या विज्ञानाला अधिक जवळचा असावा, असे क्वचितच घडते.

येथपर्यंत माझे सूत्र टिकले होते. पदार्थविज्ञान आणि जनुकशास्त्र यांच्या गटांनी ते ताणून पाहिले, आणि सर्वाधिक वेळही येथेच गेला.

धातूच्या तारेतील इलेक्ट्रॉन सतत वेड्यावाकड्या दिशांनी धावत असतात; तांब्यात त्यांची गती सेकंदाला सुमारे १,६०० किलोमीटर इतकी असते, पण सर्व दिशा सारख्याच असल्यामुळे या धावपळीची गोळाबेरीज शून्य होते. तारेच्या दोन टोकांना विद्युत्‌दाबाचा फरक लावला की या गोंधळावर एक अतिशय संथ, एकाच दिशेचा कल चढतो. त्यालाच ड्रिफ्टचा वेग म्हणतात. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर प्रवाह जात असेल तर हा वेग सेकंदाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी भरतो, आणि एक मीटर अंतर कापायला इलेक्ट्रॉनांच्या थव्याला साडेतीन तासांहून अधिक वेळ लागतो. म्हणजे पदार्थविज्ञानात ड्रिफ्ट हे त्या सगळ्या भाऊगर्दीतील एकमेव शिस्तीचे अंग आहे. तेथे ‘उद्देशहीन’ हे विशेषण उरलेल्या धावपळीला लागू पडते, ड्रिफ्टला नाही.

जनुकशास्त्रात नेमके उलटे. सीवॉल राइट यांनी १९३१ च्या निबंधात विस्ताराने मांडलेली ही कल्पना अशी की लहान समूहात एखाद्या जनुकाच्या रूपांचे प्रमाण पिढ्यानुपिढ्या केवळ योगायोगाने वरखाली होत राहते, आणि होता होता एक रूप समूहातून नाहीसे होते किंवा तेच एकटे उरते. पीटर बुरी यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात फळमाश्यांचे १०७ स्वतंत्र समूह घेतले होते, प्रत्येकात आठ नर आणि आठ माद्या, आणि डोळ्यांच्या रंगाशी निगडित जनुकाची दोन रूपे सुरुवातीला सम प्रमाणात. एकोणीस पिढ्यांनंतर निम्म्याहून अधिक समूहांत दोहोंपैकी एकच रूप उरले होते, काहींत हे तर जवळजवळ तितक्याच समूहांत ते. येथे हाकणारा कोणी नाही. वारा नाही, प्रवाह नाही, निवडही नाही. आहे तो निव्वळ योगायोग.

दोन्ही विषयतज्ज्ञांकडे सामायिक व्याख्येचा मसुदा पाठवला, तेव्हा पदार्थविज्ञानाच्या तज्ज्ञांनी ‘यदृच्छेने होणारा’ हे शब्द खोडले आणि जीवशास्त्राच्या तज्ज्ञांनी ‘निश्चित दिशेने’ हे. दोघांचेही बरोबर होते. यादृच्छिक प्रक्रियांच्या गणिताने तर हा विरोध आणखी धारदार करून ठेवला आहे. त्या गणितातील समीकरणांत दोन पदे असतात: एक सरासरी कल दाखवणारे आणि दुसरे त्या कलाभोवतीची यदृच्छ अस्थिरता दाखवणारे, आणि पहिल्या पदाचे नाव ड्रिफ्ट. मोतो किमुरा यांनी १९५० च्या दशकात ही समीकरणे लोकसंख्या-जनुकशास्त्रात वापरली, तेव्हा नैसर्गिक निवड पहिल्या पदात गेली आणि जनुकशास्त्रातील ड्रिफ्ट दुसऱ्या पदात. म्हणजे गणिती ज्या पदाला ड्रिफ्ट म्हणतो, त्यात जीवशास्त्रज्ञाचा ड्रिफ्ट नसतोच. एकाच कागदावर एकच शब्द दोन विरुद्ध जागी बसतो आणि दोन्ही विद्याशाखांना त्याची सवय झालेली आहे, हे वाचून मला कोशकार म्हणून थोडी धडकी भरली आणि वाचक म्हणून मौज वाटली.

शेवटी सामायिक व्याख्येचा नाद सोडून दोन स्वतंत्र अर्थ केले आणि दोहोंमध्ये ‘तुलना करा’ अशी सूचना घातली. पदार्थविज्ञानासाठी ‘अपवहन’ घेतला. जनुकशास्त्रासाठी ‘जनुकीय विचलन’ हा प्रचारातील शब्द घ्यावा लागला, जरी तो माझ्या मते सदोष आहे. संख्याशास्त्रात ‘प्रमाण विचलन’ वगैरे संज्ञांमुळे विचलन म्हणजे ठरावीक मूल्यापासूनचे अंतर अशी समजूत होते, आणि येथे तसे मूल्यच नाही. म्हणून प्रतिशब्दापाठोपाठ ‘लहान समूहात केवळ योगायोगाने होणारा जनुकरूपांच्या प्रमाणातील बदल’ असे स्पष्टीकरण जोडले. इन्फ्लुएन्झाच्या विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिनांत उत्परिवर्तने साचून होणाऱ्या संथ बदलालाही ड्रिफ्ट म्हणतात, आणि त्यामुळेच लशीतील घटक पुन्हा पुन्हा बदलावे लागतात. हा अर्थ मात्र निराळा आहे, कारण तेथे माणसाची प्रतिकारशक्ती निवड करत असते. तो तिसरा उपअर्थ झाला.

तांत्रिक अर्थांतील उरलेले लवकर आटोपले. मोजमापाच्या उपकरणाचा शून्यबिंदू हळूहळू सरकणे, भूकंपात इमारतीचा एक मजला खालच्या मजल्याच्या मानाने आडवा सरकणे, प्रवाहाबरोबर सोडलेले तरंगते जाळे, यांत मतभेदाला जागा नव्हती. मोटारशर्यतीतील अर्थाने मात्र थोडे थांबवले. तेथे चालक मागच्या चाकांची पकड मुद्दाम सोडवतो आणि सुकाणू वळणाच्या उलट दिशेला धरून गाडी आडवी घसरवत नेतो. जपानमधून पसरलेल्या या क्रीडाप्रकारात वेळेपेक्षा गाडीचा कोन, तिने धरलेली रेषा आणि वेग यांना गुण असतात. एका मसुद्यात ‘गाडी घसरत जाणे’ असे होते, त्याचे ‘घसरवत नेणे’ केले. प्रयोजक रूपाच्या एका अक्षराने हाकणारा परत वाक्यात आला.

सामान्य व्यवहारातील अर्थांत ‘बोलण्याचा रोख’ हा सर्वांत जुन्या घरच्या शब्दासारखा वाटला. बोलणारा आपले म्हणणे कोणीकडे रेटतो आहे ते कळणे, हा त्याचा गाभा. आणि ‘रोख’ या शब्दात नेम धरण्याची जी छटा आहे ती त्याला चपखल बसते. भाषाशास्त्रात एडवर्ड सपीर यांनी १९२१ मध्ये हीच संज्ञा भाषेच्या दीर्घकालीन बदलासाठी वापरली. व्यक्ती-व्यक्तींच्या बोलण्यातील असंख्य फरकांपैकी काहीच एका दिशेने साचत जातात, असा त्यांचा विचार. तेथे ‘ओघ’ दिला. माणसाच्या आयुष्याबद्दलची अवतरणे तीन शब्दांत विभागली गेली: संगतीने वाईट मार्गाला लागणाऱ्यासाठी ‘वाहवत जाणे’, विषय सोडून जाणाऱ्या विचारासाठी ‘भरकटणे’ आणि ठावठिकाणा न करणाऱ्या माणसासाठी ‘भटक्या’.

अर्थांचा क्रम ठरवताना मुख्य संपादकांशी बराच खल झाला. माझा आग्रह व्युत्पत्तीनुसार हाकण्यापासून सुरुवात करण्याचा होता. त्यांचे म्हणणे असे की कोश उघडणाऱ्याला न्यू फॉरेस्टमधील तट्टे नको असतात, त्याला समोरच्या वाक्याचा अर्थ हवा असतो. अखेर ‘बाह्य बलामुळे, स्वतःच्या प्रयत्नाविना, हळूहळू जागा बदलणे, वाहत जाणे’ हा अर्थ पहिला आला, ढिगारा दुसरा, रोख तिसरा, आणि हाकण्याचा मूळ अर्थ नोंदीच्या तळाशी व्युत्पत्तीच्या कंसात गेला. कारखान्यातील पाचरेसाठी तीन-चार प्रतिशब्द सुचवले गेले होते, पण यंत्रावर काम करणारे फिटर तिला ड्रिफ्टच म्हणतात, तेव्हा तेच लिप्यंतर ठेवून पुढे वर्णन दिले. मुद्रिते तपासताना संगणकतज्ज्ञांनी आणखी एक अर्थ कळवला: यंत्रशिक्षणाचे प्रतिमान ज्या माहितीवर तयार झाले ती आणि प्रत्यक्ष जगातील माहिती यांत काळाच्या ओघात अंतर पडत जाणे. येथे प्रतिमान आहे तेथेच असते आणि जग सरकते, त्यामुळे ‘काय हलते’ या माझ्या पहिल्या प्रश्नाचेच उत्तर बदलते. पाने जुळून झाली होती, म्हणून हा अर्थ प्रतिशब्दाविना एका ओळीत घातला आणि त्याची अवतरणे पुढच्या आवृत्तीसाठी जमवायला घेतली.